सत्ताविसावा रकाना

सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवणाऱ्या माणसावर एक दिवस स्वतः अर्ज करायची वेळ आली, की त्याच्या ओळखीच्या लोकांना मनापासून आनंद होतो. ते तसं दाखवत नाहीत. "अरे वा, मुलीला प्रवेश मिळाला? फार छान!" असंच म्हणतात. पण फीसवलतीचा अर्ज भरायचाय म्हटलं, की त्यांचा चेहरा जरा जास्तच खुलतो. त्रुटीसाहेब हे खुललेले चेहरे आठवडाभर बघत होते.

त्रुटीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात हेडक्लार्क होते. घरावर मजला चढवायचा असो की मोरीची भिंत हातभर सरकवायची असो, कागद त्यांच्या टेबलावर यायचा आणि बहुधा आल्या वाटेने परत जायचा. साहेब पैसे खायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. फक्त लाल पेनने कोपऱ्यात लिहायचे, 'त्रुटी : पान तीनवर सही नाही.' सही करून माणूस घाम पुसत परत आला, की लिहायचे, 'त्रुटी : पान तीनवरील सही पान एकवरील सहीशी जुळत नाही.' एका कंत्राटदाराने म्हणे मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांना द्यायच्या आधी वकिलाकडून तपासून घेतली होती. साहेबांना हा किस्सा ठाऊक होता, आणि खरं सांगायचं तर आवडतही होता.

त्यांची एकुलती एक मुलगी शाळा संपवून पशुवैद्यकीय कॉलेजात लागली होती. तीही गुणांवर. कॉलेज दुसऱ्या गावी, अभ्यासक्रम पाच वर्षांचा. या घरात कधी मांजरसुद्धा पाळलेलं नव्हतं, कारण मांजरासाठी सोसायटीची लेखी परवानगी लागते आणि ती मांजर येण्याआधी घ्यावी की आल्यावर, याबद्दल नियमात स्पष्टता नव्हती. तरी पोरगी लहानपणापासून जिन्याखालच्या कुत्र्यांचे पाय बांधत हिंडायची. साहेबांनी पै-पै करून साठवलेल्या पैशांत तीन वर्षांची फी भागत होती. उरलेल्याचं काय? तर शहरात एक शिक्षण साहाय्य निधी होता. त्यांनी अर्ज मंजूर केला तर निम्मी फी माफ. अर्ज चौदा पानांचा, रकाने एकतीस, शेवटची तारीख शुक्रवार, वेळ संध्याकाळी पाच. तोवर अर्ज गेला नाही, तर सोमवारी कॉलेजला जागा सोडत असल्याचं पत्र द्यावं लागणार होतं. ही गोष्ट घरातल्या तिघांनाही इतकी पाठ झाली होती, की ती कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

अर्ज घरात आला त्या दिवसापासून जेवणाचं टेबल साहेबांच्या ताब्यात गेलं. त्यावर पट्टी, टाचण्या, दोन रंगांची पेनं, ओलसर स्पंज आणि एक जाडजूड फाइल. बायको आणि मुलगी ओट्याशी उभ्याने जेवायच्या. "अहो, निदान कोपरा तरी द्या," बायको म्हणाली, तर साहेब म्हणाले, "अर्जावर एक डाग पडला तर तू जबाबदारी घेणार आहेस का?" तिने घेतली नाही. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. तोंड उघडून बसलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे ती तिथे शिकली होती.

शेजारचे इन्शुरन्सवाले रोज संध्याकाळी सल्ला द्यायला येत. त्यांचा कुठलाही सल्ला "तेव्हा माझी पॉलिसी घेतली असतीत, तर आज" या ठिकाणी येऊन थांबायचा. पण मंगळवारी त्यांनी एक उपयोगी प्रश्न विचारला. "एकोणिसाव्या रकान्याचं काय केलंत?"

एकोणिसाव्या रकान्यात राहत्या ठिकाणच्या जबाबदार व्यक्तीचा, कुटुंबाच्या परिस्थितीबद्दलचा दाखला मागितला होता. जबाबदार व्यक्ती म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. हे निवृत्त हेडमास्तर. उभ्या हयातीत त्यांनी कोणाला वाईट शेरा दिला नव्हता, ढ मुलालासुद्धा 'प्रयत्नशील' म्हणायचे. त्यांनी तासाभरात दाखला तयार करून दिला. साहेबांनी तो खिडकीशी उजेडात नेऊन वाचला. 'सदर कुटुंब अत्यंत सुखवस्तू व प्रतिष्ठित असून त्यांना आजवर कोणापुढेही हात पसरावा लागलेला नाही, व पुढेही लागणार नाही अशी आमची खात्री आहे.'

साहेबांनी तो तीनदा वाचला. तिन्ही वेळा त्यांना बरं वाटलं. चौथ्यांदा बायकोने मोठ्याने वाचला, तेव्हा वाटलं नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "हा दाखला जोडला तर निधीवाले आपल्याकडेच देणगी मागतील."

साहेब तसेच खाली गेले. हेडमास्तरांना वाईट वाटलं. त्यांनी गौरव म्हणून लिहिलं होतं. बदलून देतो म्हणाले, आणि मग थांबले. "पण एकदा दिलेला दाखला कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय बदलता येत नाही. असा नियम आहे."

"हा कसला नियम?"

"तुम्हीच करून घेतलात. चार वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत. मी विरोध केला होता, तर तुम्ही माझ्या विरोधाच्या पत्रात त्रुटी काढलीत."

झालं. बुधवारी संध्याकाळी सभा बोलावली गेली. सूचना फलकावर विषय झळकला, 'फ्लॅट क्रमांक सात यांची आर्थिक परिस्थिती'. एरवी सभेला तीन माणसं जमवताना हेडमास्तरांच्या नाकी नऊ यायचे. त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. जे कार्यकारिणीत नव्हते तेही आले, आणि दोघी तर शेजारच्या इमारतीतून आल्या.

साहेबांची कल्पना होती, की लोक आधी जरा आश्चर्य दाखवतील. "छे छे, तुमची परिस्थिती आणि बेताची? आम्हाला तर पटत नाही!" असं निदान एखादा तरी म्हणेल. मग आपण नम्रपणे दोन शब्द बोलू. हेडमास्तरांनी विषय वाचून दाखवला आणि तो एकमताने मंजूर झाला. चहाही आला नव्हता.

"मी तर अकरा वर्षं सांगतोय," इन्शुरन्सवाले म्हणाले. "तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एवढं एकच घर असं आहे, जिथे माझं काही चाललं नाही. माणसाकडे असतं तर घेतली नसती का एखादी पॉलिसी?"

"त्यांच्या चपला बघा," शिकवण्या घेणाऱ्या बाई हळहळून म्हणाल्या. सगळ्यांनी चपला बघितल्या. साहेबांनी पाय खुर्चीखाली घेतले.

"गेल्याच वर्षी फ्रिज घेतलाय आम्ही!" साहेब उसळून म्हणाले. "रोखीने! आणि चपला मला मुद्दाम अशाच आवडतात!" बायकोने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की पुढचं वाक्य आतच राहिलं. आपण आपल्याच विरुद्ध बाजू लढवतोय हे त्यांना कळत होतं. पण आपली गरिबी लोकांनी इतक्या चटकन आणि इतक्या प्रेमाने मान्य करावी, हे त्यांना सहन होईना. कोणीतरी तर सुचवलं, की जिना रंगवायच्या वर्गणीतून फ्लॅट सातला वगळावं. त्यावर साहेब उठले, वर जाऊन पाकीट घेऊन आले, वर्गणी टेबलावर ठेवली आणि पावती मागितली. पावतीवर तारीख नव्हती, तीही घालून घेतली.

मग शब्दावर चर्चा झाली. 'हलाखीची' लिहावं की 'ओढाताणीची'? शिकवणीच्या बाईंना 'हलाखी' जास्त परिणामकारक वाटत होती. अखेर 'बेताची परंतु स्वाभिमानी' यावर तडजोड झाली. परिस्थिती स्वाभिमानी कशी असेल, असा प्रश्न साहेबांच्या ओठांवर आला होता. आयुष्यात प्रथमच त्यांनी तो गिळला.

गुरुवारी अर्ज पुरा झाला. म्हणजे एक रकाना उरला होता, सत्ताविसावा. 'उर्वरित खर्चासाठी कुटुंबाने केलेली तरतूद, सविस्तर लिहा.' इथे साहेब बराच वेळ पेन धरून बसले.

गोष्ट अशी होती, की त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करून टाका असं सांगितलं होतं. डॉक्टरही त्यांनी गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा गाठला होता, कारण दवाखानेवाले एकमेकांशी बोलतात असा त्यांचा समज होता आणि ही बातमी बायकोच्या कानावर जायला नको होती. ऑपरेशनसाठी पैसे वेगळे काढलेलेही होते. मग मुलीच्या प्रवेशाचं पत्र आलं, वसतिगृहाचा खर्च कळला, आणि साहेबांनी मनातल्या मनात डोळ्यांच्या कागदावर शेरा मारून तो परत पाठवला. घरात ते बल्बला दोष द्यायचे. वर्तमानपत्राची शाई हल्ली पातळ येते म्हणायचे. जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरायचे आणि विचारलं तर व्यायाम आहे म्हणायचे.

आता घरी चार गोष्टी सांगायच्या राहून गेल्या, तर त्याला कोणी खोटं म्हणत नाही. पण अर्जाची गोष्ट निराळी. अर्जाच्या शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' असं छापलेलं असतं. साहेबांनी सुंदर, गोलाईदार अक्षरात लिहिलं, 'वडिलांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तीन वर्षे पुढे ढकलण्यात आली असून त्यासाठी राखून ठेवलेली रक्कम वसतिगृहाच्या खर्चाकरिता वापरण्यात येईल.' लिहिलं, टिपलं आणि फाइल बंद केली. अर्ज कारकून वाचतो. घरचे कशाला वाचतात?

शुक्रवारी तिघंही तीन वाजताच निधीच्या कार्यालयात हजर झाली. बाकांच्या रांगा, वर कुरकुरणारा पंखा, समोर एकच काचेची खिडकी. खिडकीत एक चटपटीत बाई होत्या. लोकांना "काका", "ताई" म्हणत, हसत-बोलत त्या भराभर अर्ज उरकत होत्या. साहेबांना ते बघवेना. "इतक्या वेगाने तपासणी होऊच शकत नाही," ते बायकोच्या कानात पुटपुटले. "होऊ दे की," ती म्हणाली. "आपलाच फायदा आहे."

चार वाजून वीस मिनिटांनी नंबर लागला. बाईंनी फाइल घेतली, फरफर पानं उलटली, "वा, काय अक्षर आहे काका! सगळं आहे. छान," म्हणाल्या आणि शिक्का उचलला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. कोणत्याही शहाण्या माणसाची संपली असती. मुलीने सुटकेचा श्वास सोडला होता, बायकोने पिशवी खांद्याला लावली होती. आणि साहेब म्हणाले, "तुम्ही तपासलं नाहीत."

"तपासलं की."

"पान आठनंतर तुम्ही एकदम अकरावर गेलात. मधली दोन पानं उलटलीत, एकदम."

"अहो!" बायको.

"काका, तुमचं काम इतकं व्यवस्थित आहे, काही राहिलं नसणार."

"व्यवस्थित अक्षर हा पुरावा नव्हे," साहेब कडाडले. चार रात्री राबून चौदा पानं लिहावीत आणि समोरच्याने ती सात सेकंदांत निकालात काढावीत! हा अपमान 'बेताची परंतु स्वाभिमानी' याहून मोठा होता. "तपासा. एक-एक पान तपासा. माझं आव्हान आहे."

मागच्या रांगेतून एक सामूहिक उसासा निघाला. बाईंनी शिक्का खाली ठेवला आणि खरंच एक-एक पान तपासलं. तेरा पानं निर्दोष निघाली. साहेबांची मान वर-वर जात होती. चौदाव्या पानावर बाईंचं बोट थांबलं.

"अर्जदाराची सही कुठाय?"

साहेबांनी कागद घेतला, नाकाजवळ नेला, लांब धरला, तिरपा केला. फिकट राखाडी रंगात छापलेली एक चौकट तिथे होती खरी. ती त्यांना काल दिसलीच नव्हती. सव्वीस वर्षं जी चूक त्यांनी गावभर लोकांच्या कागदांवर लाल पेनने दाखवली, तीच. रांगेत एक गृहस्थ असे निघाले, ज्यांची गॅलरी साहेबांनी चार वर्षं अडकवली होती. ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "त्रुटी." आख्खी रांग हसली. साहेबांचे कान लाल झाले.

"होतं हो असं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "मुलगी इथेच आहे ना? कर गं सही, दोन सेकंदांचं काम."

मुलीने अर्ज घेतला, पेन घेतलं, आणि बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागली.

"अगं, सही कर नुसती!"

"इथे लिहिलंय, वरील सर्व मजकूर मी वाचला आहे."

"मी लिहिलंय ना ते!"

"न वाचता सही करायची नाही, हे मला कोणी शिकवलं बाबा?"

पाच पानं गेली, सात गेली. "माझा छंद टापटीप?" मुलगी एकदा म्हणाली. "टापटीप हा छंद आहे?" साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. काटे त्यांना दिसत नव्हते, पण ते बघत होते. मग दहावं पान आलं आणि त्यांना एकाएकी सत्ताविसावा रकाना आठवला. "ते राहू दे," ते घाईने म्हणाले, "ते तांत्रिक आहे."

मुलगी वाचायची थांबली. तिने तेच वाक्य पुन्हा वाचलं असावं, कारण तिचे डोळे एकाच जागी होते. तिने पान आईच्या हातात दिलं.

"हे वडील म्हणजे कोण?" बायकोने विचारलं. उत्तर ठाऊक असूनही माणूस विचारतो, तसं. आणि मग, "म्हणजे तो बल्ब! तीन बल्ब बदलले हो मी! दुकानदाराशी भांडून आले!"

"हळू बोल."

"आणि तो जिन्यावरचा व्यायाम!"

"मी सही करणार नाही," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण पेनचं टोपण तिने नीट लावलं.

"पाच वाजत आलेत, बाळ."

"वाजू देत. मी तिकडे गाईच्या डोळ्यात औषध घालायला शिकायचं, आणि तुम्ही इकडे जिना चाचपत उतरायचं? मला नाही जमणार."

साहेब तिच्याशेजारी बाकावर बसले. इतक्या लोकांसमोर असं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. "हे बघ," ते म्हणाले, "जागा गेली तर परत मिळत नाही. मोतीबिंदू कुठे पळून जातोय? तो आहे तिथेच राहील. मी साधा हिशोब केला. मला दुसरं काही सुचलं नाही गं." शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की ते फक्त तिलाच ऐकू गेलं.

आता सगळी रांग त्यांच्याकडे तोंड करून उभी होती. गॅलरीवाले गृहस्थही हसत नव्हते. "साहेब, माझ्या वडिलांचं झालं गेल्या वर्षी," ते म्हणाले. "अर्ध्या तासात मोकळे." खिडकीतल्या बाईंनी काचेच्या फटीतून सांगितलं, "चार पन्नास. पाचला खिडकी बंद होते. ती मी नाही बंद करत, शिपाई करतो, आणि तो कोणाचं ऐकत नाही."

"वसतिगृहाचा खर्च एवढाच प्रश्न आहे ना?" मुलगी म्हणाली. "कॉलेजच्या गोठ्यात पहाटे दोन तास काम केलं की खोली आणि जेवण फुकट मिळतं. मी पत्र पाठवून विचारलं होतं. या म्हणालेत."

"गोठ्यात? म्हणजे शेण काढणार?"

"अहो, जनावरांचीच डॉक्टर होणार ना ती?" बायको म्हणाली. "मग काय, आरसे पुसणार?"

"मला का नाही सांगितलंस?" साहेबांनी मुलीला विचारलं.

"अर्जाला हात लावू दिलात का कोणाला?"

साहेबांनी मग ठेवणीतलं शेवटचं शस्त्र काढलं. "पण आता काय उपयोग? अर्जात खाडाखोड चालत नाही."

"चालते काका," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "फक्त खोडलेल्या मजकुराशेजारी अर्जदार आणि पालक, दोघांची सही लागते."

मुलीने बाकावर फाइल ठेवली, पट्टी मागून घेतली आणि सत्ताविसाव्या रकान्यातल्या त्या गोलाईदार वाक्यावर एक सरळ रेघ ओढली. वर लिहिलं, 'अर्जदार कॉलेजच्या गोठ्यात काम करून वसतिगृहाचा खर्च भागवील. वडिलांची शस्त्रक्रिया या महिन्यात होईल.' बाजूला सही केली, चौदाव्या पानावरही केली, आणि अर्ज वडिलांसमोर धरला.

साहेबांनी पेन घेतलं. पान जवळ आणलं, लांब नेलं. रकाना अरुंद होता, त्यात आता गर्दी झाली होती, आणि त्यांना नुसतं एक निळसर धुकं दिसत होतं.

"कुठे करू?" ते म्हणाले. "मला दिसत नाहीये."

हे वाक्य त्यांनी वर्षभर कोणापुढे उच्चारलं नव्हतं. बायकोने दुसरीकडे तोंड फिरवलं. मुलीने कागदावर बोट टेकवलं. "इथे. माझ्या बोटाला लागून."

साहेबांनी सही केली. थोडी तिच्या नखावरही झाली. पाचला तीन मिनिटं कमी असताना बाईंनी शिक्का मारला, पोच दिली, आणि शिपायाने खिडकी बंद केली.

बाहेर पायऱ्यांवर बायकोने त्यांचा एक हात धरला आणि मुलीने दुसरा. एरवी त्यांनी झटकला असता. "आमच्या दवाखान्याच्या वरच डोळ्यांचे डॉक्टर आहेत," बायको म्हणाली. "सातपर्यंत असतात. आत्ताच जायचं."

"आत्ता? अगं, तिथेही फॉर्म असेल एखादा," साहेब म्हणाले. "आधी घरी नेऊन नीट बघावा लागेल."

"मी भरते," मुलगी म्हणाली. "तुम्ही फक्त मी विचारेन ते खरं सांगा."